खर्जाच्याही खाली

2018च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ग्रॅमी पुरस्कार दिले गेले. त्यातला रॉक सादरीकरणाचा पुरस्कार ज्या गायकाला मिळाला, त्याला जाऊन 14 महिने झाले होते. स्पर्धेत फू फायटर्ससारखा दणदणीत बँड होता. पुरस्कार मिळालेल्या गाण्यात मात्र गिटारींचा कल्लोळ नाही, ड्रमचा घणाघात नाही, किंकाळी नाही. बेसची चार पावलं, ऑर्गनचा धूसर पडदा, सिनेगॉगमधल्या पुरुषांचं वृंदगान आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज, एवढंच आहे. तो आवाज गातो असंही म्हणता येत नाही. कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसावं आणि कानाशी बोलावं, तसा तो येतो. गाणं होतं 'यू वाँट इट डार्कर', त्याच नावाच्या अल्बममधलं. गायक लेनर्ड कोहेन.

हा आवाज तिथवर कसा पोचला, हा प्रश्न मला बरीच वर्षं धरून आहे. कारण वय झालं की रॉक गायकाचं जे होतं, त्याच्या नेमकं उलट कोहेनचं झालं.

तारसप्तकावर ज्यांची कीर्ती उभी असते, त्यांच्या गळ्यातून वय पहिल्यांदा तेच काढून घेतं. मग पट्टी उतरवावी लागते. 10 डिसेंबर 2007 रोजी लेड झेपलिन लंडनमध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा रॉबर्ट प्लँट 59 वर्षांचा होता आणि काही गाणी मूळ पट्टीच्या खाली घेतली होती. त्यात कमीपणा काहीच नाही. तो शहाणपणा होता. पण ऐकणाऱ्याच्या कानात 1971ची तान असतेच, आणि तो नकळत तुलना करत राहतो.

कोहेनकडे तुलना करण्यासारखी तानच नव्हती. मॉन्ट्रियलच्या वेस्टमाउंट भागात 21 सप्टेंबर 1934 रोजी जन्मलेला हा माणूस आधी कवी. पहिला कवितासंग्रह 1956चा, त्यानंतर दोन कादंबऱ्या. पुस्तकांवर पोट भरेना म्हणून तो गाण्याकडे वळला आणि पहिला अल्बम 1967च्या डिसेंबरात आला, तेव्हा तो 33 वर्षांचा होता. तो आवाज आज ऐका. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर बेतलेला, पातळ, किंचित नाकातला, सुराच्या कडेकडेने चालणारा. याला गाता येत नाही, हा शेरा त्याला जन्मभर चिकटला. त्याच्या गळ्याचा पल्ला मुळातच लहान होता, आणि गाणी तो त्याच पल्ल्यात बांधत होता.

1984 साली 'व्हेरियस पोझिशन्स' अमेरिकेत काढायला त्याच्या कंपनीने नकार दिला. आज जगभर गायलं जाणारं 'हालेलूया' त्याच अल्बममध्ये आहे. त्या अल्बमपासूनच आवाज खाली सरकताना ऐकू येतो. 1988च्या 'आय'म युअर मॅन'मध्ये तो तळघरात उतरलेला आहे. कोहेन स्वतः याचं श्रेय सिगारेटी आणि व्हिस्कीला देत असे.

इथे शरीराचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. पुरुषाचा आवाज म्हातारपणी खोल होतो अशी आपली समजूत असते. सर्वसाधारणपणे घडतं उलटं. स्वररज्जूंतला स्नायू झिजतो, त्या पातळ होतात, नीट मिटत नाहीत आणि आवाज चढा, कापरा, हवेने भरलेला होतो. घरातल्या आजोबांचा आवाज आठवून पाहा. धूम्रपानाचा परिणाम याविरुद्ध असतो. स्वररज्जूंच्या वरच्या थराखाली द्रव साठून त्या सुजतात, जड होतात आणि जड तार सावकाश कंप पावते. म्हणजे कोहेनच्या गळ्यात झालेला बदल वैद्यकाच्या भाषेत बिघाडाच्या जवळचाच. सिगारेटची भलामण मला करायची नाही; त्या सुजेने बहुतेकांचा आवाज नुसता बसतो. कोहेनने त्या बसलेल्या आवाजात राहायला जागा शोधली.

तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लवकर कळेल. तार मोकळी सोडली तर स्वर स्वच्छ पण कोरडा येतो. घोडीवर तारेखाली सुताचा जीवा सरकवला, तार घोडीच्या पृष्ठभागाला जेमतेम घासू लागली की तोच स्वर उघडतो आणि त्यातले अनेक स्वर दिसू लागतात. ते घासणं काढून टाकलं तर तंबोरा मुका होईल. कोहेनच्या उत्तरायुष्यातल्या आवाजात अशी जवारी आहे.

पण खोली आणि शांतपणा या दोन वेगळ्या गोष्टी. 1992च्या 'द फ्यूचर'मध्ये आवाज खोल आहेच, पण तो व्यासपीठावरून बोलतो, बजावतो. 2001च्या 'टेन न्यू साँग्ज'मध्ये तोच आवाज जवळजवळ कुजबुजतो. या दोन अल्बमांच्या मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीवरचा झेन मठ आहे. तिथे 1996 साली भिक्षूची दीक्षा घेऊन त्याने 'जिकान' हे नाव धारण केलं. त्याचा अर्थ शांततेशी जोडलेला. आणि मध्ये मुंबईसुद्धा आहे.

आयुष्यभर औदासीन्याच्या आजाराने पोखरलेला कोहेन 1999च्या सुरुवातीला मठ सोडून मुंबईला आला. ओढ होती रमेश बाळसेकरांची. बँक ऑफ इंडियाच्या वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले बाळसेकर ब्रीच कँडीजवळ गमाडिया रोडवरच्या आपल्या घरी रोज सकाळी सत्संग घेत. कुणीही यावं, बसावं, विचारावं. त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज. खेतवाडीतल्या लहानशा माळ्यावर राहणारे, एकेकाळी विड्यांचं दुकान चालवणारे महाराज मराठीतच बोलत. मॉरिस फ्रिडमन यांनी ती संभाषणं इंग्रजीत आणली ते पुस्तक 1973चं, आणि पुढे परदेशी साधकांसाठी महाराजांचं मराठी बाळसेकर दुभाषा होऊन पोचवत. महाराजांना घशाचा कर्करोग झाला, तरी 1981 साली देह ठेवण्याच्या थोडं आधीपर्यंत ते बोलत राहिले. खेतवाडीच्या माळ्यावरची ती मराठी एका हाताआड कोहेनपर्यंत गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरे, सकाळी सत्संगाला जाई, ब्रीच कँडीच्या क्लबात पोहायला जाई. पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा आला. कर्ता कुणी नाही, घडतं ते फक्त घडतं, हे बाळसेकरांचं सूत्र होतं. याच काळात त्याच्यावरचं औदासीन्याचं मळभ हळूहळू विरलं, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं. 'टेन न्यू साँग्ज' ऐकताना मला वाटतं, 'मी गातो आहे' हा ताण या गळ्यातून निघून गेला आहे. शब्द ढकलले जात नाहीत, ते पडतात.

त्यानंतर व्यवस्थापकानेच त्याची आयुष्यभराची पुंजी रिकामी केल्याचं उघड झालं. ती पुन्हा उभी करायला मे 2008मध्ये, 73व्या वर्षी, तो कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या रंगमंचावर उभा राहिला. डिसेंबर 2013मध्ये ऑकलंडला थांबला, तोवर साडेतीनशेच्या वर कार्यक्रम झाले होते, बरेचसे तीन-तीन तासांचे. साथीदार वाजवू लागला की हा टोपी छातीशी धरून ऐकत उभा राही. त्या खर्जावर बायकांच्या आवाजांचं छप्पर असे. शॅरन रॉबिन्सन, वेब भगिनी. उंच स्वर त्या घेत, त्यामुळे त्याला उंच जायची गरजच पडत नसे.

हयातीतल्या शेवटच्या अल्बमच्या, 'यू वाँट इट डार्कर'च्या वेळी मणक्याला अस्थिभंग झालेले, वेदना असह्य, शिवाय रक्ताचा कर्करोग. लॉस एंजेलिसमधल्या घराच्या दिवाणखान्यात मुलगा ॲडमने रुग्णांसाठीची खुर्ची मांडली, समोर मायक्रोफोन ठेवला. स्टुडिओ तोच.

तोंड मायक्रोफोनला अगदी लागून असलं की खालच्या कंपनसंख्या फुगतात आणि ओठ उघडल्याचा, श्वास आत ओढल्याचा आवाजही टिपला जातो. हेडफोन लावून ऐका: ओळ संपताना स्वर सोडून नुसता श्वास उरतो, आणि तो कापून टाकलेला नाही. 'लीव्हिंग द टेबल'सारख्या गाण्यात चाल इतकी सोपी आहे की ती पेलायला दमच लागू नये. तो कवी होता, आपल्या फुफ्फुसात किती हवा आहे ते मोजून ओळी तोडत होता.

शीर्षकगीतात बायकांचं छप्पर नाही. तिथे मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचं वृंदगान आहे आणि तिथले कँटर, म्हणजे प्रार्थनागायक, गिडियॉन झेलरमायर यांचा उंच, आर्त स्वर. कोहेनचे आजोबा आणि पणजोबा त्या सिनेगॉगचे अध्यक्ष होते. लहानपणी कानावर पडलेला नाद त्याने शेवटी परत मागवला. गाण्यात 'हिनेनी' हा हिब्रू शब्द येतो. देवाने हाक मारल्यावर अब्राहमने दिलेलं उत्तर: हा मी इथे आहे. कोहेन तो शब्द तळाशी ठेवून देतो, आणि शेवटी कँटर त्याच शब्दाला वर नेतो. म्हातारा गळा जिथे जाऊ शकत नाही तिथे दुसरा जातो, आणि आपल्याला दोघांतलं अंतर ऐकू येतं. मला हा अल्बममधला सर्वांत थोर क्षण वाटतो.

अल्बम 21 ऑक्टोबर 2016 रोजी आला. त्याआधी छापून आलेल्या मुलाखतीत आपण मरायला तयार आहोत असं तो बोलून गेला होता; मग थोड्याच दिवसांनी पत्रकारांसमोर, आपला तर कायम जगण्याचा विचार आहे, म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं. 7 नोव्हेंबरला तो गेला. मॉन्ट्रियलला, आईवडिलांशेजारी, साध्या पाइनच्या पेटीत त्याला पुरलं. बातमी जगाला कळली ती त्यानंतर.

अल्बममधलं नववं, शेवटचं गाणं त्यातल्याच 'ट्रीटी' या आधीच्या गाण्याची चाल पुन्हा घेतं, या वेळी फक्त तंतुवाद्यांवर. व्हायोलिनं आणि चेलो बराच वेळ वाजत राहतात. वाटतं, आता हा येत नाही. मग अगदी शेवटाकडे तो येतो, मोजक्या ओळी बोलतो, आणि तंतुवाद्यं त्याच्या मागून हळूहळू थांबतात.