बंद्यांची आरोग्यसेवा : कंत्राट आणि उत्तरदायित्व

सर्वसामान्य नागरिक आजारी पडला आणि एका डॉक्टरच्या औषधाने त्याला गुण आला नाही, तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. बंद्याला ही मुभा नसते. ज्याच्या हाती त्याच्या कोठडीची किल्ली, त्याच्याच हाती त्याचे औषधही असते. कारागृहातील वैद्यकीय सेवेचे सारे कायदेशीर व प्रशासकीय प्रश्न या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात. ही सेवा खाजगी कंपन्यांकडे कंत्राटाने सोपविण्याचा प्रयोग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला असल्याने तेथील अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

१९७३ मध्ये टेक्सासमधील एका बंद्याच्या अंगावर मालमोटारीतून उतरविली जात असलेली कापसाची गाठ पडली. उपचारात हयगय झाल्याची त्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९७६ साली असा निर्णय झाला की, बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही घटनेने निषिद्ध ठरविलेली क्रूर शिक्षाच होय. डॉक्टरांनी त्याला अनेकदा तपासले होते, या कारणास्तव त्यांच्याविरुद्धची त्याची तक्रार मात्र न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तत्त्व प्रस्थापित झाले, पण ज्याने ते मिळवून दिले त्याच्या पदरी यश आले नाही.

या निर्णयानंतर परगण्यांच्या तुरुंगांपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहिला. गरिबांसाठी १९६५ साली सुरू झालेल्या ‘मेडिकेड’ योजनेतून, रुग्णालयात दाखल झालेल्यांचा अपवाद वगळता, बंद्यांना सर्वसाधारणपणे लाभ मिळत नाही. त्यामुळे हा भार स्थानिक तिजोरीवर पडतो. लहान परगण्याला स्वतःचे डॉक्टर व परिचारिका नेमणे परवडत नाही, मिळतही नाहीत. अशा वेळी ठरावीक रकमेत सर्व व्यवस्था पाहण्यास तयार असलेली कंपनी सोयीची वाटणे स्वाभाविक होते.

खरी मेख या ठरावीक रकमेतच आहे. दर बंद्यामागे अथवा वर्षाकाठी ठोक रक्कम मिळत असेल, तर बाहेरच्या रुग्णालयात पाठविलेला प्रत्येक रोगी कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. रिकामे ठेवलेले परिचारिकेचे पद हीसुद्धा तिची बचतच ठरते. उलटपक्षी, झालेला सर्व खर्च भरून देण्याचे ठरविले तर काटकसरीस कारण उरत नाही. म्हणून काही करारांत बाहेरील उपचारांच्या खर्चास मर्यादा घालून तिच्यावरील बोजा परगणा उचलतो, तर काहींत रिक्त पदांबद्दल रक्कम कापून घेतली जाते. अशा अटी कागदावर घालणे सोपे आहे. त्यांची तपासणी करणारा, वैद्यकाचे ज्ञान असलेला अधिकारी नेमणे हे त्याहून अवघड आणि अधिक महत्त्वाचे काम आहे.

कंत्राट दिले म्हणजे जबाबदारी टळली, हा समज १९८८ साली दूर झाला. ‘वेस्ट विरुद्ध ॲटकिन्स’ या खटल्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कारागृह रुग्णालयात कंत्राटाने येणाऱ्या अस्थिशल्यविशारदाचे कृत्य हे शासनाच्या अधिकारान्वये केलेले कृत्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. शासनाचे घटनात्मक कर्तव्य कंत्राटाने संपुष्टात येत नाही, हा त्याचा आशय होता.

न्यूयॉर्क शहराने २००१ पासून रायकर्स बेटावरील तुरुंगांची आरोग्यसेवा एका खाजगी कंपनीकडे दिली होती. २०११ मध्ये विलीनीकरण होऊन तिचे नाव ‘कोरायझन’ झाले. सेवेविषयी गंभीर आक्षेप आल्यानंतर २०१५ साली शहराने कंत्राटाचे नूतनीकरण न करण्याचे ठरविले आणि पुढील वर्षाच्या आरंभी हे काम शहराच्या सार्वजनिक रुग्णालय संस्थेकडे आले. २०२३ मध्ये कोरायझनच्या विभाजनातून उरलेल्या ‘टीहम’ या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा उपचारांबद्दल दावे लावलेल्या बंद्यांनाही इतर धनकोंबरोबर रांगेत उभे राहावे लागले. कंत्राटदार टिकेलच, हे गृहीत धरून करार करू नये, इतके तरी यातून दिसते. इंग्लंडने निराळा मार्ग धरला. तेथे २००६ पर्यंत कारागृहांतील आरोग्यसेवेची सूत्रे राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे सोपविण्यात आली.

भारतात कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमानेच प्रत्येक कारागृहात वैद्यकीय अधिकारी आणि आजाऱ्यांसाठी रुग्णालय अथवा योग्य जागा असावी, प्रवेशानंतर लवकरात लवकर बंद्याची तपासणी होऊन अंगावरील जखमांची नोंद व्हावी, असे घालून दिले. १९९६ साली राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या प्रमुख समस्यांत आरोग्याकडील दुर्लक्षाची गणना केली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार बंद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची सेवा विनामूल्य मिळाली पाहिजे, तसेच वैद्यकीय निर्णय वैद्यकीय कर्मचाऱ्यांनीच घ्यावेत व इतर कारागृह कर्मचाऱ्यांनी ते फिरवू नयेत. आपल्याकडे या नियमाची कसोटी पुष्कळदा फाटकापाशी लागते. डॉक्टरने बाहेरच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तरी पोलीस पहारा मिळेपर्यंत रोगी आतच असतो. डॉक्टर शासकीय सेवेतील असो वा कंत्राटी, ही गाडी वेळेवर आणणे त्याच्या हाती नसते.