मेंढ्यांच्या कुरणांतली प्रेमकथा

क्राइस्टचर्चमध्ये जन्मलेल्या एसी समर्स (1912–1998) या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या पत्नी. 'न्यूझीलंड इन्हेरिटन्स' ही त्यांची पहिली कादंबरी मिल्स अँड बून या प्रकाशकाने 1957 साली लंडनहून काढली, तेव्हा त्या पंचेचाळिशीला टेकल्या होत्या. संसार आणि चर्चची कामं सांभाळत पुढे त्यांनी पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. गैरसमज, रुसवा, शेवटी लग्न, हा साचा ठरलेलाच, असा आक्षेप निघतो आणि तो खोटाही नाही. पण तोच साचा प्रकाशकाच्या इतर लेखिकांनाही होता. मग यांचं नाव वेगळं का उरलं? माझ्या मते, कथास्थळामुळे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणं, सप्टेंबरातला वसंत, ऐन उन्हाळ्यातला नाताळ हे सगळं त्यांनी लंडनच्या वाचकासाठी पातळ केलं नाही. ही कुरणं जरा जास्तच गुलाबी दिसतात, हेही खरं. तिथल्या जमिनीच्या जुन्या माओरी मालकीचा प्रश्न प्रेमकथेच्या चौकटीत मावणाराच नव्हता. तरीही, कथानकं ज्या काळी सर्रास इंग्लंडात घडत, तेव्हा नायिकेला याच बेटावरच्या कँटरबरी-ओटागोत आणून बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. 1974 साली त्यांचं आत्मचरित्रही आलं.