भावालचा मेजकुमार आणि विभावतीचा नकार

१९०९च्या मे महिन्यातल्या एका रात्री दार्जिलिंगला पाऊस पडला होता का, या प्रश्नावर ढाक्याच्या कोर्टात पाव शतकानंतर कडाक्याचा वाद झाला. पावसाच्या सरकारी नोंदी मागवल्या गेल्या, म्हाताऱ्या झालेल्या हमालांना आणि कारकुनांना त्या रात्रीचे ढग आठवायला लावले गेले. कारण पाऊस पडला असेल, तर चितेपर्यंत नेलेले प्रेत सोडून लोक आडोशाला पळाले असतील. लोक पळाले असतील, तर परत आल्यावर प्रेत जागेवर नसेल. आणि प्रेत नसेल, तर बारा वर्षांनी ढाक्यात अंगाला राख फासून बसलेला जटाधारी साधू भावालचा दुसरा राजकुमार रमेंद्रनारायण राय असू शकेल. कोरडी रात्र असेल, तर तो तोतया.

या प्रकरणावर बंगालीत दोन गाजलेले चित्रपट आहेत. १९७५चा पीयूष बसूंचा ‘संन्यासी राजा’, त्यात उत्तमकुमार. आणि २०१८च्या दुर्गापूजेच्या सुमारास आलेला सृजित मुखर्जींचा ‘एक जे छिलो राजा’, त्यात जिशू सेनगुप्ता. दोन्हींत वादळ आहे, स्मशान आहे, साधू आहेत. पडद्यावर पाऊस पाडायला दिग्दर्शकाला पुरावा लागत नाही. पण तो एकदा पडला की खटल्याचा निकालही लागून जातो, आणि पुढचे दोन तास आपण फक्त कोर्टाला ते कधी कळते याची वाट पाहत बसतो. खऱ्या खटल्याची मौज नेमकी उलट होती: तिथे कोणालाच काही दिसलेले नव्हते.

भावाल ही पूर्व बंगालमधली मोठी जमीनदारी. ढाक्याच्या उत्तरेला जयदेवपूर हे तिचे ठाणे. आजच्या बांगलादेशातल्या गाझीपूरचा हा परिसर. पाचशेहून अधिक चौरस मैलांचा मुलूख आणि लाखांत मोजावी अशी रयत. राजा राजेंद्रनारायण १९०१ साली वारले आणि तिघा मुलांच्या नावे सारखे हिस्से लागले. मधला तो रमेंद्रनारायण, लोकांच्या तोंडी ‘मेजकुमार’. शिकार, हत्ती, टमटम आणि नाचगाणे हा त्याचा दिनक्रम. शाळेचे वारे त्याला फारसे लागले नव्हते, सहीपुरते इंग्रजी काय ते जमे. उपदंशाचा विकार त्याला जडला होता. १९०२ साली तेरा वर्षांच्या विभावतीशी त्याचे लग्न झाले. मूलबाळ झाले नाही, संसार म्हणावा तसा झालाच नाही.

१९०९च्या एप्रिलमध्ये हवापालटासाठी तो दार्जिलिंगला गेला. बरोबर विभावती, तिचा भाऊ सत्येंद्रनाथ, कुटुंबाचा तरुण डॉक्टर आशुतोष दासगुप्ता आणि नोकरचाकर. मुक्काम ‘स्टेप असाइड’ नावाच्या बंगल्यात. (याच बंगल्यात १९२५ साली देशबंधू चित्तरंजन दास वारले. एका घराच्या वाट्याला इतका इतिहास यावा!) मे महिन्यात कुमाराला पोटशूळ उठला, रक्ताचे जुलाब झाले आणि तो गेला. सिव्हिल सर्जन कॅल्व्हर्ट यांनी पित्ताशयाच्या शूळाने मृत्यू झाल्याचा दाखला दिला. पुढे विम्याचे पैसे मिळाले, विशीतली विधवा भावाबरोबर कलकत्त्याला लॅन्सडाउन रोडवर राहायला गेली. कुमाराचे दोन्ही भाऊ त्यानंतर चार-पाच वर्षांत वारले आणि जमीनदारी सरकारच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’कडे गेली. घराण्यात उरल्या तीन विधवा आणि कारभार पाहणारे इंग्रज साहेब.

प्रेत स्मशानातून नाहीसे झाले अशी कुजबुज मात्र पहिल्यापासून होती. १९२०-२१च्या थंडीत बुढीगंगेच्या काठी, ढाक्याच्या बकलंड बंधाऱ्यावर एक नागा साधू येऊन बसला तेव्हा त्या कुजबुजीला अंग फुटले. साधू हिंदी बोले. एप्रिलमध्ये त्याला हत्तीवरून जयदेवपूरला नेले. बहीण ज्योतिर्मयी त्याच्या हातापायांकडे, जेवण्याच्या लकबीकडे पाहत राहिली. ४ मे १९२१ रोजी अंगणात जमलेल्या गर्दीसमोर त्याला विचारले: तू कोण? बापाचे नाव काय? दोन्ही नावे त्याने सांगितली. मग कोणीतरी विचारले, तुला दूध पाजणारी दाई कोण? “अलका,” तो म्हणाला. गर्दीने जयजयकार केला. राजाराणींची नावे कोणालाही पाठ करता येतात. दाईचे नाव कोण पढवणार, असा रयतेचा साधा हिशेब होता. ते पढवणेही फारसे अवघड नव्हते, असे विरुद्ध बाजूने पुढे कोर्टात सांगितले, पण अंगणात ते ऐकायला कोणी नव्हते.

महिन्याभरात कलेक्टर लिंडसे यांनी नोटीस काढली: दुसऱ्या कुमाराचे दहन बारा वर्षांपूर्वी दार्जिलिंगला झाले आहे, हा साधू तोतया आहे, त्याला जो खंड भरील तो आपल्या जबाबदारीवर भरील. नोटिशीतला खरा मुद्दा शेवटचा होता. साधूच्या पायाशी रयत नजराणे ठेवू लागली होती, आणि ज्या कचेरीला वसुली करायची असते तिला दुसरा मालक परवडत नाही. बंगालभर छोट्या पुस्तिका निघाल्या, गाणी रचली गेली. असहकाराच्या त्या वर्षात ‘सरकार ज्याला खोटा म्हणते तो खराच असणार’ हे तर्कशास्त्र घरोघर चालले. इतिहासकार पार्थ चटर्जी यांनी या प्रकरणावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हा खटला म्हणजे राष्ट्रवादाचा आतून चाललेला एक गुप्त इतिहास आहे, अशी मांडणी आहे. सृजित मुखर्जींच्या चित्रपटाचा आधार तोच.

साधूचा दावा दाखल झाला १९३० साली. सुनावणी १९३३च्या नोव्हेंबरात सुरू झाली, न्यायाधीश पन्नालाल बसू यांच्यासमोर. वादीतर्फे विजयचंद्र चटर्जी, प्रतिवादींतर्फे अमियनाथ चौधुरी. वादीचे १,०६९ साक्षीदार, प्रतिवादींचे ४७९. यांत राजघराण्याचे आप्त होते, माहूत होते, साहेब होते, नर्तकी होत्या, छायाचित्रांचे जाणकार होते. अंगावरच्या खुणांची यादी झाली: घोट्याजवळची खरखरीत त्वचा, गाडीच्या चाकाने झालेला डाव्या घोट्यावरचा वण, हातावर वाघनखाची खूण, बुटाचे माप सहा.

या खटल्यातला मला सर्वांत आवडणारा भाग चौधुरींच्या उलटतपासणीचा. राजकुमार म्हणजे कसा असायला हवा याचे एक चित्र प्रतिवादींनी उभे केले होते: विलायती कपडे, काट्याचमच्याने जेवण, साहेबांशी इंग्रजीत संभाषण. मग त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या माणसाला विचारायला सुरुवात केली. क्रिकेटमधला अमका शब्द? पोलोतला तमका? या कापडाला काय म्हणतात? त्याला काहीच येईना. कोर्टात हशा पिकला असेल, चौधुरींना डाव जिंकल्यासारखे वाटले असेल. पण बसूंनी जुने साक्षीपुरावे धुंडाळून ठरवले की खऱ्या मेजकुमारालाही यातले काही येत नव्हते. तो हत्तीखान्यात रमणारा, अर्धवट शिकलेला, रांगडा पोरगा होता. प्रतिवादींनी एक काल्पनिक कुमार घडवला आणि समोरचा माणूस त्याच्यासारखा नाही हे सिद्ध केले. वादीचे अज्ञानच त्याचा पुरावा ठरले. पढवलेला तोतया निदान दोन-चार इंग्रजी शब्द तरी घोकून आला असता.

२४ ऑगस्ट १९३६ रोजी बसूंनी निकाल दिला: वादी हाच रमेंद्रनारायण. निकालपत्र छापल्यावर ५३२ पाने झाली. प्रतिवादी त्याला पंजाबातला मालसिंग म्हणत होते, ते टिकले नाही. पाऊसही बसूंनी मानला. कलकत्ता हायकोर्टात तीन न्यायमूर्तींपैकी चारुचंद्र विश्वास आणि कॉस्टेलो यांनी निकाल उचलून धरला, लॉज यांनी विरोध केला. कॉस्टेलो सुट्टीवर विलायतेला गेले आणि महायुद्ध पेटल्यामुळे तिकडेच अडकले, त्यामुळे त्यांचे मत टपालाने आले आणि १९४०च्या नोव्हेंबरात वाचून दाखवले गेले. ज्यांना या खटल्यात साधी ‘देशी विरुद्ध गोरे’ अशी लढाई दिसते त्यांनी कॉस्टेलोंना विसरू नये. ३० जुलै १९४६ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळले: वस्तुस्थितीबद्दल खालच्या दोन कोर्टांचे एकमत असताना त्यात आम्ही हात घालणार नाही. बातमी कलकत्त्याला पोहोचली, कुमार कालीच्या दर्शनाला गेला, तिथे त्याला झटका आला आणि काही दिवसांतच त्याने प्राण सोडला. पटकथाकाराने हे रचले असते तर निर्मात्याने खोडून टाकले असते.

आता चित्रपट. ‘संन्यासी राजा’त उत्तमकुमारची पुण्याई एवढी की त्याला तोतया मानायला प्रेक्षक तयारच होत नाही. शंकराचार्यांच्या मोहमुद्गरातला श्लोक मन्ना डे यांच्या आवाजात आला की जमिनीचा दावा बाजूला पडतो आणि वैराग्य पुढे येते. ज्याने सोळा वर्षे, तीन कोर्टे चढून, हिश्श्याचा पैसा मागितला त्याला विरक्त ठरवायचे म्हणजे जरा जास्तच झाले! पण चित्रपट चालला, आजही लोक गाण्यासाठी पाहतात.

‘एक जे छिलो राजा’ अधिक शहाणा आहे. जिशू सेनगुप्ताने गुलछबू कुमार आणि हाडांचा सापळा झालेला साधू, दोन्ही शरीराने उभे केले आहेत. चित्रपटाला उत्कृष्ट बंगाली चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. त्यातली एक निवड मला बोलकी वाटते. खऱ्या खटल्यात दोन्ही मुख्य वकील पुरुष होते. चित्रपटात त्यांतला एक स्त्री आहे, आणि ती भूमिका अपर्णा सेन करतात, समोर अंजन दत्त. १९३०च्या दशकातल्या ढाक्यात हे कितपत शक्य होते हा वेगळा विषय. पण या कथेत एका बाईची बाजू मांडायची राहून गेली आहे, हे दिग्दर्शकाला जाणवले असावे, आणि म्हणून वकीलपत्र बाईच्या हाती दिले असावे. अडचण अशी, की ती बाजू वकिलाने मांडून भागत नाही. ती विभावतीची आहे.

आजी सत्यभामादेवींनी साधूला नातू मानले, त्याच्याकडे येऊन राहिल्या, त्यांचे अंत्यविधी त्याने केले. बहिणींनी त्याला भाऊ मानले. थोरली जाऊ सरयूबालाही शेवटी त्याच्या बाजूला गेली. विभावती ‘नाही’ म्हणाली आणि ‘नाही’वरच राहिली. साधू कलकत्त्यात लॅन्सडाउन रोडवरून गाडीतून जाई. तिने त्याला पाहिले होते, हा आपला नवरा नव्हे असे तिने शपथेवर सांगितले. बसूंनी ती भावाच्या मुठीत आहे असे धरले. चित्रपटांनी त्यापुढे जाऊन तिला कटाच्या आसपास उभे केले. त्याला खरा मानले की तिला खोटी मानावेच लागते, ही कथेची गरज आहे. स्वार्थ तिचा होता का? होता, तिच्या हिश्श्याचे उत्पन्न मोठे होते. पण स्वार्थ धाकट्या जावेचाही होता, तिचा दत्तक मुलगा त्या दाव्यात होता. स्वार्थ साधूला खांद्यावर घेणाऱ्यांचाही होता. सगळ्यांच्या स्वार्थाचा हिशेब मांडायचा आणि साक्ष मात्र एकटीची बाद करायची, हे काही पटत नाही.

मराठी वाचकाला इथे सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पानिपतावर १७६१च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाबद्दल लोकांत शंका राहिली. त्या शंकेच्या जोरावर बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ साली त्याने कोकणात किल्ले घेतले, माणसे जमवली, शेवटी पकडला जाऊन पुण्यात मारला गेला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते १९१३ साली आले. पार्वतीबाईंनी मात्र पानिपतानंतरही कुंकू पुसले नाही. १७८३ साली मरेपर्यंत बावीस वर्षे त्या सवाष्ण म्हणून राहिल्या. त्या काळच्या विधवेचे हाल पाहता यात केवळ भाबडेपणा होता असे मी म्हणणार नाही.

विभावतीचे उलटे. तिने कपाळ पुसले ते १९०९ला, आणि कायद्याने परत लावायला सांगितले तरी लावले नाही. ज्या नवऱ्याने सात वर्षांत तिच्याकडे धड पाहिले नव्हते, त्याच्या नावाने आलेल्या परक्या माणसाची बायको होणे, तो खरा असला तरीही, तिला नको असेल, ही शक्यता ५३२ पानांत मावली नाही आणि दोन्ही चित्रपटांतही. पार्वतीबाईंना महाराष्ट्राने निष्ठावंत म्हटले. विभावतीला बंगालने कारस्थानी ठरवले. दोघींनीही नवऱ्याच्या मरणाची तारीख स्वतः ठरवली, एवढेच.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने विभावती ऑगस्ट १९४६मध्ये विधवा झाली. तिच्या हिशेबी ती सदतीस वर्षांपूर्वीच झाली होती. सुतक तिने पाळले नाही आणि पुढे अनेक वर्षे कलकत्त्यातच जगली. या खटल्यावर तिसरा चित्रपट कोणी काढणार असेल, तर त्याने दार्जिलिंगचा पाऊस अजिबात दाखवू नये. कॅमेरा लॅन्सडाउन रोडच्या घरात ठेवावा, खालून गाडी जाऊ द्यावी, आणि आत बसलेल्या बाईने गाडीतला माणूस ओळखला की नाही हे शेवटपर्यंत तिच्याकडेच राहू द्यावे.