कधीतरीच चुकणाऱ्या रॅमचा तर्कशास्त्रीय शोध



आज आपण संगणकाच्या स्मृतीबद्दल, म्हणजे रॅमबद्दल बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथं काय काम, असं कुणी विचारेल. रोज दिसणारा दोष कारागीर लगेच पकडतो. कधीतरीच दिसणारा दोष पकडायला मात्र तर्कशास्त्र लागतं, आणि आम्ही जन्मभर तेच शिकवत आलो.

उदाहरण आपल्या रावेरचंच घेऊ. समजा, केळीच्या एका व्यापाऱ्याचा हिशेबाचा संगणक मे महिन्याच्या दुपारी मधूनच बंद पडतो आणि सकाळी ठणठणीत चालतो. बंद पडला तर निदान कळतं तरी. पण चालू राहून चुकला तर? शेतकऱ्याचे १८,२५० रुपये देणे आहे. संगणक हा आकडा शून्य आणि एक यांतच साठवतो. त्यातला सर्वांत मोठ्या किमतीचा एक उलटून शून्य झाला, की उरतात १,८६६. साधी रॅम असली चूक ओळखतही नाही. संशय जातो बिचाऱ्या मुनिमावर.

आता हे होतं कसं? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर तापली, तर हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं. शिवाय वाचण्याआधी ठरावीक वेळ थांबावं लागतं. डीडीआर४ ३२०० रॅमच्या एका प्रमाणित वेळापत्रकात हा थांबा २२ ठोक्यांचा, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंदांचा आहे. बाजारात १६ ठोक्यांच्या, म्हणजे १० नॅनोसेकंदांच्या पट्ट्या मिळतात. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं की हा घाईचा कारभार सुरू होतो. पट्टीला तो झेपेल; पण प्रोसेसर, मदरबोर्ड आणि चार पट्ट्यांचा एकत्र भार यांना झेपेलच, याची खात्री नसते.

निदान करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवू.

पहिली, अनुपलब्धी. घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच ‘दिसला नाही, म्हणून नाही’ असं म्हणता येतं. रात्रीच्या गारव्यात मेमटेस्ट ८६ चालवून चूक निघाली नाही, तर काय सिद्ध झालं? फक्त रात्रीपुरतं. चाचणी दुपारी, त्याच खोलीत, कित्येक तास चालवायची.

दुसरी, अन्वय-व्यतिरेक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक्सएमपी बंद केलं आणि चूक थांबली. पुन्हा चालू केलं आणि चूक परत आली. दोन्ही बाजू दिसल्या, तरच कारणाकडे बोट दाखवायचं. दर वेळी त्याच पत्त्यावर चूक येत असेल, तर चिपमधला एखादा कोशच खराब असण्याची शक्यता जास्त. चूक जागा बदलत फिरत असेल आणि वेग कमी केल्यावर थांबत असेल, तर वेळेच्या गणितावर संशय घ्यावा.

तिसरी, उपाधी. जिथं अग्नी तिथं धूर, हे अनुमान फसतं, कारण धुराला ओलं इंधनही लागतं. तसंच इथं. चारपैकी एक पट्टी काढली, चूक थांबली, म्हणून तीच पट्टी खराब असं आपण म्हणतो. पण पट्टी काढताना भारही कमी झालेला असतो! ती ठेवून दुसरी काढून पाहा. तरीही चूक थांबली, तर त्या पट्टीला दोष देता येत नाही. मग वेग कमी करून चारही पट्ट्या सुखानं वापरता येतील. नवी विकत घ्यायला नको.

आणि हे सगळं करण्याआधी त्या यंत्रावर नवा हिशेब लिहिणं थांबवायचं. दुरुस्तीनंतर संशयाच्या काळातल्या नोंदी कागदी पावत्यांशी ताडून पाहायच्या, कारण बिघडलेल्या आकड्याची बॅकअपमध्ये उतरलेली प्रतही बिघडलेलीच असते. मुनिमाला जाब विचारायचाच असेल, तर तो त्यानंतर.

आता तुमचे प्रश्न घेऊ.