गोल विहीर आणि पाणबुडीचे पोट



आपल्या नांदेड-लातूरकडच्या माणसाने समुद्र पाहिलेला असो वा नसो, विहीर त्याने पाहिलेलीच असते. विहिरीचे बांधकाम गवंडी गोल का धरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाणबुडी समजणे अवघड नाही.

विहिरीला चहूबाजूंनी माती रेटते. गोल बांधकामात तो रेटा एका दगडावरून शेजारच्या दगडावर जातो आणि दगड एकमेकांना आवळून धरतात. सरळ भिंत मात्र मधोमध पोट काढते आणि ढासळते. पाणबुडीला हाच रेटा पाण्याचा असतो. दर 10 मीटर, म्हणजे सुमारे सहा परस खोलीला, चौरस सेंटिमीटरमागे 1 किलो भार वाढतो. 300 मीटर खोल गेले की एका चौरस मीटरवर 300 टन भार पडतो. दहा-दहा टन उसाचे तीस ट्रक तेवढ्याशा जागेवर रचल्यासारखेच ते! म्हणून पाणबुडीचे पोट गोल नळीसारखे करतात आणि त्याला पोलादी कड्यांचा आधार देतात. गोलाई थोडी जरी बिघडली तरी भार पेलण्याची ताकद झपाट्याने घटते.

अशा पाणबुड्या आपल्या मुंबईतच, माझगाव डॉकमध्ये बांधल्या जातात. जर्मन आराखड्यावर तेथे बांधलेली 'शल्की' 1992 साली नौदलात आली. पुढे फ्रेंच आराखड्यावर सहा बांधल्या. त्यांतली पहिली 'कलवरी' 2017 साली, तर सहावी 'वाघशीर' 2025 साली दाखल झाली. एकीला शिवकालीन जलदुर्गावरून 'खांदेरी' नाव दिले आहे.

पोलादाचे जाड पत्रे यंत्रावर वाकवून कडी करतात, कड्यांचे भाग जोडतात आणि मग भागाला भाग जोडून पाणबुडी उभी राहते. हा सारा जोड वेल्डिंगचा. दमट रॉडने केलेल्या जोडात आतल्या आत तडा जाऊ शकतो. म्हणून रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवतात, पोलाद आधी गरम करतात आणि झालेला जोड क्ष-किरणांनी तपासतात. आत बसलेल्या खलाशांचा जीव त्या जोडावर असतो.

आता घरातली गोष्ट. आपल्याकडे हुशार पोराने शिकवणी लावून डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, आणि जो मागे राहिला त्याने आयटीआय करावे, अशी समजूत आहे. मग तो पोरगा चारचौघांत मान खाली घालतो. मंडळी, इंजिनिअरने कागदावर काढलेली गोलाई पाण्याखाली टिकते ती वेल्डर आणि फिटरच्या हातामुळे. माझगाव डॉक दहावी व आयटीआय झालेल्या मुलांची शिकाऊ उमेदवार म्हणून निवड करते. त्याची जाहिरात निघते आणि परीक्षा होते. मध्यस्थाला पैसे देऊ नका. मुलाला वेल्डिंगची गोडी असेल तर त्याला ते मन लावून शिकू द्या.