गुडघ्यापाशी अडलेले घोडे

भिवापूर म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे लालभडक मिरची उभी राहते. भौगोलिक मानांकनाचा मान मिळालेली ती मिरची! पण गेल्या दिवाळीत ताईकडे गेलो, तेव्हा तिथे ठसका लागला तो भाच्याच्या डेडलिफ्टचा.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहणे. ऐकायला किती सोपे! पण आमचे चिरंजीव 140 किलोंवर दोन महिने अडून बसले होते. दांडा जमीन सोडी, नडगीवरून वर येई आणि गुडघ्याखाली पोचला की थिजे. मग चिरंजीव पाठीची कमान करून झटका मारीत. परिणामी ऐन सणात कमरेला शेक!

"हे खूळ बंद!" ताईने फर्मान काढले. 2016 साली एडी हॉल या इंग्रज मल्लाने 500 किलो उचलले आणि लगेच तो बेशुद्ध पडला, एवढेच नेमके तिने वाचले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. सोयाबीनची पोती उतरत होती. एक म्हातारे हमाल नवख्या पोराला दटावीत होते, "आंगाले चिकटवून उचल न बाप्पा, दूर काहून धरतं?"

भाचा जागीच थबकला.

मर्म तेच आहे. वजन कमरेपासून जितके पुढे, तितका पाठीवर ताण अधिक. मोठ्या चकतीचा व्यास 45 सेंटिमीटर. म्हणजे दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. तिथून निघताना कंबर घाईने वर गेली की पायांचा जोर आधीच संपतो, दांडा पुढे सरकतो आणि गुडघ्यापाशी सारा भार एकट्या पाठीवर येतो. घोडे अडते गुडघ्यापाशी, पण चूक घडते जमिनीवर!

आधी डॉक्टरांनी कंबर तपासली. दुखणे पुरते थांबल्यावर भाच्याने वजन उतरवून 100 किलोंवर आणले. त्या वयात हेच खरे अवघड! दांडा नडगीला भिडलेला, काखेत वर्तमानपत्र दाबल्यासारखे दंड आवळलेले, छाती आणि कंबर एकदमच वर. जिथे अडत असे तिथेच मुद्दाम दोन सेकंद थांबायचे, मग ताठ उभे राहायचे. असे तीन-तीन वेळा, तेही आठवड्यातून एकदाच. वजन वाढवायचे ते थोडे थोडे.

होळीच्या सुमारास पत्र नव्हे, फोन आला: "मामा, 140 झाले! पाठ सरळ!"

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, कौतुक पुरे. तो भरलेला सिलिंडर आत आण."

"मग?"

"आणला की! अगदी अंगाला चिकटवून."