विश्लेषण : सर्व्हरवरील फाइल्सची यादी कोडने कशी मिळते? यादी रिकामी आली म्हणजे नोंदच नाही का?

मुदखेड तालुक्यातील एखाद्या कुटुंबाला पणजोबांची कुणबी नोंद शोधायची असेल, तर आता तहसीलच्या अभिलेख कक्षाबरोबर मोबाइलवरही शोध घ्यावा लागतो. जुने कागद स्कॅन होऊन सर्व्हरवर गेले आहेत. पण कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे कळल्याशिवाय नोंद हाती लागत नाही. ही यादी कोडने कशी काढली जाते आणि ती कुठे फसते, याविषयी.

मराठवाड्यात हा प्रश्न का महत्त्वाचा?

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील अनेक जुने कागद उर्दूत किंवा मोडी लिपीत आहेत. न्या. संदीप शिंदे (निवृत्त) समितीने सुमारे १ कोटी ७२ लाख कागदपत्रे तपासली आणि त्यांत ११ हजार ५३० कुणबी नोंदी आढळल्या, असे राज्य सरकारने ऑक्टोबर २०२३ अखेरीस सांगितले. सापडलेल्या नोंदी पुढे स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर येऊ लागल्या. मात्र स्कॅन केलेले पान हे संगणकासाठी केवळ छायाचित्र असते. त्यातील मोडी अक्षरे शोधखिडकीला वाचता येत नाहीत. अशा वेळी फोल्डरचे आणि फाइलचे नाव हाच शोधाचा आधार उरतो.

यादी मागण्याची पद्धत कोणी घालून दिली?

एका संगणकावरील फाइल्स दुसऱ्या संगणकावरून हाताळण्यासाठी ‘एफटीपी’ ही नियमावली वापरली जाते. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. या नियमावलीत ‘लिस्ट’ ही आज्ञा आहे. ती दिली की सर्व्हर त्या फोल्डरमधील फाइल्सची नावे, आकार व तारखा पाठवतो. मात्र एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. म्हणून आता बहुतेक ठिकाणी सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करणारे ‘एसएफटीपी’ वापरले जाते.

कोड नेमके काय करतो?

पायथॉन भाषेत एफटीपीसाठी ‘एफटीपीलिब’ सोबतच मिळते, तर एसएफटीपीसाठी ‘पॅरामिको’ वेगळे घ्यावे लागते. काम चार टप्प्यांत होते : सर्व्हरशी जोडणी, लॉगिन, फोल्डर निवडणे आणि यादी मागणे. पण एका आज्ञेत एकाच फोल्डरची यादी येते, आतल्या फोल्डरची नाही.

येथे मुदखेड जंक्शनचे उदाहरण उपयोगी पडते. नांदेडहून आलेला मार्ग येथे फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबादमार्गे निजामाबादकडे जातो, तर दुसरा भोकर, किनवटमार्गे आदिलाबादकडे. सर्व स्थानकांची नावे लिहायची असतील, तर एका फाट्याच्या टोकापर्यंत जाऊन जंक्शनला परत यावे लागते आणि मग दुसरा फाटा धरावा लागतो. कोडही तसेच करतो. समोर फाइल आली तर नाव लिहितो, फोल्डर आले तर आत शिरतो. जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड तो शेवटपर्यंत चालून येतो.

यादी रिकामी का येते?

फोल्डर खरोखर रिकामे असणे, हे केवळ एक कारण. संबंधित खात्याला ते फोल्डर पाहण्याची परवानगी नसेल, तरी काही सर्व्हर कोरी यादी पाठवतात. एफटीपीत यादी वेगळ्या जोडणीवरून येते. ती वाट फायरवॉलने अडवली, तर लॉगिन यशस्वी होते आणि यादी मात्र येतच नाही. अशा वेळी नीट लिहिलेला कोड ‘त्रुटी आली’ असे सांगतो, तर घाईने लिहिलेला कोड ‘० फाइल्स’ दाखवून मोकळा होतो. खिडकीवर बसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही आणि अर्जदाराला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते.

नावांचाही घोळ असतो. गावाचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले, तर संगणकासाठी ती दोन गावे होतात. शिवाय अक्षरागणिक क्रम लावल्यामुळे ‘पान १०’ हे ‘पान २’च्या आधी येते. शोधणाऱ्याला वाटते, मधली पाने गहाळ आहेत.

नागरिकांना ही यादी स्वतः काढता येते का?

सहसा नाही. संकेतस्थळांवर फोल्डरची उघडी यादी सुरक्षेसाठी बंद ठेवली जाते. परवानगीशिवाय सर्व्हरमध्ये शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ चे उल्लंघन ठरते. त्यामुळे जबाबदारी यादी प्रसिद्ध करणाऱ्यावर येते. किती फोल्डर पाहिले, किती उघडले नाहीत आणि यादी कोणत्या तारखेची, हे सोबत लिहिले तर यादीवर विश्वास ठेवता येतो.

शोधणाऱ्यांनी काय करावे?

गावाचे नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहून पाहावे, शेजारच्या गावांचे व जुन्या तालुक्याचे फोल्डरही उघडावे. तरीही काही हाती लागले नाही, तर अभिलेख कक्षात मूळ नोंदवही तपासण्यासाठी लेखी अर्ज करावा. सर्व्हरच्या यादीत नसलेले पान तिथल्या बस्त्यात असू शकते.